महिनाअखेरचा रिकामा फ्रीज आणि मुलीचं लपून खाणं

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका नागपूरकर आईचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं वगळून मुद्दा तेवढा सांगते. मुलगी १५ वर्षांची. वर्षभरात तिचं वजन बरंच वाढलं. सकाळी काही खात नाही, शाळेत डबा नको म्हणते, आणि रात्री सगळे झोपले की ब्रेड, बिस्किटं, हाती लागेल ते संपवते. गादीखाली रिकामी पाकिटं सापडली. नागपुरात महाल भागात राहणाऱ्या आजी व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "केवढी सुटली बाप्पा पोट्टी!" तेव्हापासून ती कॉलवर येत नाही. पोळ्याच्या सुमारास सगळे नागपूरला येणार आहेत. तोवर तिला डाएटवर ठेवू का, असा प्रश्न आहे.

ताई, नका ठेवू.

तुमच्या पत्रात मधेच एक ओळ येऊन जाते. व्हिसाच्या मुदतवाढीचं वर्ष ओढाताणीचं गेलं, इकडे नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटचा हप्ताही चालू होता, पण उपाशी कोणी झोपलं नाही. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच ओळ. ब्रिटनमध्ये व्हिसासोबत सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा आरोग्य अधिभारच मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६ पौंड आहे. चौघांचे ३ वर्षांचे १०,८६६ पौंड होतात, तेही आगाऊ आणि एकरकमी. व्हिसाची फी वेगळी. चांगल्या नोकरीतलं घरही यात खाली बसतं. मग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भाजी बंद होते, दूध मोजून वापरलं जातं, आणि आई "मला भूक नाही" म्हणून उठते. अन्नाची असुरक्षितता म्हणतात ती हीच. तिच्यासाठी चूल विझावी लागत नाही. आणि १५ वर्षांच्या मुलीला हे सगळं कळतं. धाकट्याला पुरावं म्हणून ती स्वतः "नको" म्हणायला शिकते.

अशा घरांतल्या किशोरवयीन मुलांमध्ये एका बैठकीत ताबा सुटून खाणं आणि जेवण टाळणं, दोन्ही जास्त दिसतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट ईट' या दीर्घ अभ्यासात हे आढळलं आहे. मुलांच्या वजनाशी असलेला संबंध मात्र इतका सरळ नाही. काही अभ्यासांत तो दिसतो, काहींत नाही. म्हणून वजनकाट्यापेक्षा तिच्या खाण्याची तऱ्हा बघा.

त्याच विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, काहींनी पाककृती जमवायला सुरुवात केली. पुढे पोटभर मिळू लागलं तरी त्यांतल्या अनेकांचं खाणं थांबेना. पोट भरल्याचं त्यांना कळतच नव्हतं. टंचाई संपली हे शरीराला उशिरा पटतं. तुमची मुलगी हावरट नाही, आणि तिचा निर्धारही कमी पडलेला नाही. तिला डाएटवर ठेवलंत तर जी टंचाई पैशांमुळे आली होती, तीच आता आई आणणार. मग रात्रीचं खाणं वाढेल, आणि लपवणंही.

काय करायचं? दिवसभर वेळेवर खायला द्या. तीन जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा काहीतरी. तीन-चार तासांपेक्षा मोठा खंड नको. रात्री कितीही खाल्लेलं असो, सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. इथेच सगळे घसरतात, कारण "काल एवढं खाल्लंस, आता राहू दे" हे तोंडातून पटकन निघतं. काय आणि केव्हा वाढायचं ते तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिला ठरवू द्या. महाग काही लागत नाही. वरण-भात, मुगाची खिचडी, झुणका, मूठभर दाणे घातलेले पोहे चालतील. बिस्किटांना कुलूप नको. तीही कधीतरी सगळ्यांसोबत ताटलीत येऊ द्या. आणि तुम्ही स्वतः तिच्यासमोर बसून जेवा.

पैशांबद्दल तिच्याशी खरं बोला. "तो महिना कठीण होता, आता जेवणाला कमी पडणार नाही" हे तिने तुमच्या तोंडून ऐकायला हवं. अजून कमी पडत असेल तर मदत घ्या. तुमच्या व्हिसावर सरकारी भत्ते मिळत नाहीत, पण गरजूंना फुकट शिधा देणारी फूड बँक धर्मादाय असते, तिला ती अट लागू नाही. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरची किंवा शाळेची चिठ्ठी लागते. गुरुद्वाऱ्यातला लंगर तर सगळ्यांसाठीच आहे. नागपुरात कळलं तर काय म्हणतील, या भीतीने ताट अर्धं ठेवू नका.

जीपीची, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ मात्र याच आठवड्यात घ्या. अधिभार भरलाच आहे, त्या सेवेवर तुमचा हक्क आहे. रात्रीच्या खाण्याचं स्पष्ट सांगा, नुसतं "वजन वाढलंय" म्हणू नका, नाहीतर आहाराचा तक्ता हातात घेऊन परत याल. ती उलट्या काढत असेल, जुलाबाची औषधं घेत असेल, चक्कर येऊन पडत असेल, पाळी थांबली असेल किंवा जगायला नको म्हणत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

आता आजी. त्यांच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ आणि रेशनची लाल मिलो ज्वारी पाहिली आहे. त्यांचा आग्रह मायेचा आहे, हे मला माहीत आहे. पण पोळ्याच्या दिवशी "केवढी झाली गं" आणि "अजून एक पुरणपोळी घे" हे एकाच श्वासात ऐकलं, तर त्या मुलीने नेमकं काय करायचं? मुलगी शाळेत असताना फोन करा आणि सरळ सांगा: "आई, तिच्या अंगाबद्दल कोणी बोलायचं नाही, चांगलंही नाही नि वाईटही नाही. ताटात ती घेईल तेवढंच. ती नको म्हणाली तर पुन्हा विचारू नका, आणि तिने तिसरी मागितली तरी वाढा." आत्या, काकू, शेजारच्या मावशी यांनाही आजींनीच बजावून ठेवावं, तुमच्यापेक्षा त्यांचं ऐकतील.