प्लॅन कुठला घ्यायचा यावरून घरात अबोला आला, तर

घर घ्यायला निघालेली जोडपी समुपदेशनाला येतात ती पैशाच्या ताणामुळे, असा बहुतेकांचा समज असतो. ताण असतोच. पण हल्ली वारंवार कानावर येणारी काळजी वेगळी आहे. "बजेट ठरलंय, इमारत ठरलीय, मजलाही ठरलाय. दोन प्लॅन उरलेत. एक नवऱ्याला हवाय, दुसरा मला. त्यावरून रोज खटके उडतात. एवढ्याशा गोष्टीवर आमचं एकमत होत नाही, म्हणजे आमच्यातच काही बिघडलंय का?"

बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. आणि प्लॅन ही एवढीशी गोष्टही नसते. पुढची पंधरा-वीस वर्षं कोण कुठे झोपणार, कोणाला दार लावून बसता येणार, रात्री कोणाच्या उशाजवळून कोण जाणार, हे सगळं त्या कागदावर ठरत असतं. वाद व्हावा इतका तो विषय मोठा आहे. पंचाईत होते ती वाद भलत्याच मुद्द्यावर चालू राहतो तेव्हा.

एका कुटुंबाचा अनुभव सांगते. त्यांच्या संमतीने लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा-बायको चाळिशीतले, दोघंही नोकरी करणारे. मुलगी पंधरा वर्षांची. नवऱ्याची आई पंचाहत्तरीला टेकलेली, गुडघ्यांमुळे वॉकर घेऊन चालणारी. दोन्ही प्लॅन तीन बेडरूमचे, क्षेत्रफळ जवळपास सारखंच. पहिल्यात ऐसपैस हॉल, त्यातच ओपन किचन, आणि तिन्ही बेडरूमची दारं थेट हॉलमध्ये उघडणारी. दुसऱ्यात हॉल लहान, स्वयंपाकघर भिंतीपलीकडे, आणि हॉलच्या कडेने आत जाणारा पॅसेज. बेडरूम त्या पॅसेजवर.

त्याला पहिला प्लॅन हवा होता, तिला दुसरा.

"पॅसेजची जागा फुकट जाते," तो म्हणाला. "पैसे मोजायचे आणि तिथे धड बसताही येणार नाही."

"आणि एवढा मोठा हॉल काय कामाचा? दारात उभ्या राहिलेल्या माणसाला अख्खं घर दिसतं."

"मोकळं वाटतं ते घर."

"कुणाला?"

मुद्दे दोघांचेही खरे होते. पण मुद्द्यांच्या मानाने आवाज फारच चढले होते. असं दिसलं की मी प्लॅन बाजूला ठेवते आणि दोघांना वेगवेगळ्या कागदावर एक वाक्य पूर्ण करायला सांगते: 'माझ्या जोडीदाराला तो प्लॅन हवाय, कारण...' त्याने लिहिलं, 'कारण तिला माझी माणसं घरात नको आहेत आणि आईला आत कुठेतरी ठेवायचंय.' तिने लिहिलं, 'कारण त्याला घर लोकांना दाखवायला हवंय. आम्ही आत कसे राहतो, त्याचं त्याला काही नाही.'

कागदांची अदलाबदल केल्यावर दोघंही दुखावले. पण त्या दिवसापासून निदान भांडण कशावरून आहे ते तरी कळलं.

पुढच्या भेटीला मी त्यांना दोन्ही प्लॅन 1:50 प्रमाणात मोठे छापून आणायला सांगितलं, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे खरा एक मीटर. जाहिरातीच्या पत्रकातला प्लॅन या कामाला चालत नाही. त्यात पलंग, सोफे बऱ्याचदा नुसते शोभेला काढलेले असतात, त्यांच्या मापावर भरवसा ठेवता येत नाही. आणि सगळ्यांना घेऊन या, असं सांगितलं. "आई म्हणतात, तुम्ही ठरवाल ते," ती म्हणाली. मी आग्रह धरला. घरातलं वयस्कर माणूस 'तुम्ही ठरवाल ते' म्हणतं तेव्हा त्याला मत नसतं असं मला आजवर फार कमी वेळा आढळलंय.

चौघांना चार रंगांच्या पेन्सिली दिल्या. सांगितलं, सुट्टीचा किंवा पाहुण्यांचा दिवस घ्यायचा नाही. कामाचा साधा दिवस घ्यायचा आणि उठल्यापासून दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत आपण घरात कुठून कुठे जातो ती रेघ काढायची. आधी पहिल्या प्लॅनवर, मग दुसऱ्या. जिथे बराच वेळ थांबतो तिथे वेळ लिहायची. रात्र वगळायची नाही. प्लॅन निवडताना लोक हॉलमध्ये बसलेले पाहुणे डोळ्यांसमोर आणतात, पण रात्री दोन वाजता बाथरूमकडे जाणारं आपलंच माणूस आणत नाहीत.

नवऱ्याची निळी रेघ रात्री अकरापासून एकपर्यंत हॉलमध्ये होती. आठवड्यातून दोन-तीनदा परदेशी सहकाऱ्यांशी त्याचे कॉल असत. बायकोची हिरवी रेघ साडेदहाला बेडरूममध्ये थांबली होती, पण तिथे तिने दोन बारीक फुल्या मारल्या होत्या.

"या कशाच्या?" मी विचारलं.

"एक याचा कॉल सुरू होतो तेव्हाची. जाग येते. दुसरी तो संपून हा झोपायला येतो तेव्हाची."

"हे कधीपासून?" नवऱ्याने विचारलं.

"तीन वर्षं होतील. कामच आहे ना तुझं, म्हणून नाही बोलले."

त्यांच्या सध्याच्या घरातही बेडरूमचं दार हॉलमध्येच उघडत होतं. नव्या घरात मोठा हॉल आणि त्याला लागून तिन्ही दारं म्हटल्यावर तिला ही तीन वर्षं दिसत होती. ती बोलत मात्र होती दारातल्या पाहुण्याबद्दल. झोप मोडते म्हणून घर नको म्हणणं तिला स्वतःलाच क्षुल्लक वाटत होतं. मला ते मुळीच क्षुल्लक वाटत नाही. सलग झोप मिळत नसलेल्या माणसाशी संसाराच्या इतर प्रश्नांवर बोलणं फार कठीण जातं, हे मी रोज बघते.

मग मुलीची पिवळी रेघ. पहिल्या प्लॅनवर ती खोलीतून जवळजवळ निघतच नव्हती. "दार उघडलं की समोर सोफा," ती म्हणाली. "बाबांचे मित्र बसलेले असले की पाणी प्यायला यायचं म्हणजे स्टेजवर यायचं." वडिलांना वाटत होतं, मोठा हॉल असला की मुलगी जास्त वेळ बाहेर बसेल.

आजींनी लाल पेन्सिल घेतली आणि आधी विचारलं, "रात्रीच्या फेऱ्या पण काढायच्या ना?" त्यांच्या रात्रीच्या तीन फेऱ्या होत्या. दुसऱ्या प्लॅनमध्ये मुलाने त्यांच्यासाठी पॅसेजच्या टोकाची खोली मनात धरली होती, शांत आणि स्वतंत्र बाथरूम असलेली, घरातली सगळ्यात चांगली. पॅसेज नको म्हणणारा हाच माणूस 'घ्यायचाच झाला तर आईला मोठी खोली' यावर ठाम होता, आणि त्याला वाटत होतं की बायको त्याच्या आड येतेय. आजी म्हणाल्या, "मला मोठी खोली नको रे. त्या टोकाला मला कोण आलं, कोण गेलं, काही कळायचं नाही. मला माणसं दिसायला हवीत."

अर्विन ऑल्टमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये एकांताबद्दल एक विचार मांडला, तो अशा वेळी मला फार उपयोगी पडतो. एकांत म्हणजे फक्त लोकांपासून दूर जाणं असं तो मानत नाही. आपल्याला किती संपर्क हवा ते माणूस सतत कमी-जास्त करत असतो; हवा त्यापेक्षा जास्त झाला तर गर्दी होते, कमी पडला तर एकटेपणा येतो. या घरात नात दार लावायला जागा शोधत होती आणि आजी दार उघडं ठेवायला. एकाच प्रकारची खोली दोघींनाही 'चांगली' म्हणून देणं बरोबर ठरलं नसतं.

इथून पुढे गोष्ट सोपी झाली, पण लगेच मिटली नाही. दुसरा प्लॅन जिंकला आणि पहिला हरला असं होऊ देणं मला धोक्याचं वाटलं. हरलेला माणूस त्या घरात प्रत्येक गैरसोयीचा हिशेब ठेवतो. म्हणून मी नवऱ्याला विचारलं, पहिल्या प्लॅनमधलं काय सोडायला सर्वांत जड जाईल? तो म्हणाला, "लहानपणी आमच्याकडे कोणी आलं की बसायला जागा नसायची. आई स्वयंपाकघरातूनच बोलायची. मला सगळे एका ठिकाणी बसलेले हवेत." आणि बायकोने पहिल्यांदा सांगितलं की ओपन किचन तिलाही आवडलं होतं. भिंतीआड एकटीने काम करायचा तिलाही कंटाळा होता.

ही तक्रार जुनी आहे. 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं, साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटरचं. आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघराचा आदर्श डोळ्यांसमोर होता. हेलपाटे कमी, सगळं हाताशी. सुमारे 10,000 घरांत ते बसलं, आणि आजच्या फिटेड किचनचं मूळ तिथेच सांगितलं जातं. पण पुढे त्यावर टीका झाली ती हीच, की आत काम करणारी बाई घरातल्या बाकीच्यांपासून तुटते. पावलं वाचली म्हणून सोबत मिळतेच असं नाही.

तेव्हा या नवरा-बायकोने आर्किटेक्टला एक नेमका प्रश्न विचारला: दुसऱ्या प्लॅनमधली हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत काढता येईल का? हा प्रश्न प्रत्येकाने बुकिंगच्या आधी विचारावा. हल्ली कित्येक उंच इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या, भार घेणाऱ्या असतात. त्यांना हात लावता येत नाही. संडास-बाथरूमचे उभे पाइप सगळ्या मजल्यांचे एकाखाली एक असतात, त्यामुळे बाथरूम हवं तिकडे सरकत नाही. खिडक्यांची दिशा बदलत नाही. लिफ्टला लागून असलेली भिंत तशीच राहते. रंग, फरशी, कपाटं यांवर नंतर कितीही बोलता येतं. आधी या न बदलणाऱ्या गोष्टींवर बोला. आणखी एक, पत्रकात एका फ्लॅटचा प्लॅन दाखवतात आणि शेजारचा फ्लॅट बऱ्याचदा त्याचंच आरशातलं प्रतिबिंब असतो. तुम्ही सकाळच्या उन्हाची समजत असलेली खोली प्रत्यक्षात दुपारभर तापणारी निघू शकते. आपल्याच फ्लॅटचा, दिशा दाखवणारा नकाशा मागून घ्या.

त्यांची भिंत भार घेणारी नव्हती. तिचा अर्धा भाग काढून सरकतं दार बसवायचं ठरलं. पॅसेजच्या तोंडाशीही एक दार घेतलं, रात्रीच्या कॉलचा आवाज अडवायला. आजींना पॅसेजमधली पहिली खोली, हॉलला लागून, समोरच बाथरूम. टोकाच्या दोनपैकी एक खोली नवरा-बायकोची, एक मुलीची.

मग फूटपट्टी घेऊन बसलो. मी आर्किटेक्ट नाही, पण आकडे सगळ्यांनी मिळून मोजले की घरात 'मला वाटतं' कमी होतं. दहा फुटांची भिंत, सहा फूट रुंद पलंग, बाजूच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट. उरले दोन फूट. ते दोन्ही बाजूंना वाटले तर कुठल्याच बाजूने नीट चालता येत नाही, आणि कपाटाला बाहेर उघडणारं दार चालत नाही, सरकतंच लागतं. बाथरूमचं दार अडीच फुटी म्हणून दाखवलं होतं. चौकट आणि दाराची जाडी वजा गेली की वाट सव्वादोन फुटांच्या आसपास उरते, आणि वॉकरच सुमारे दोन फूट रुंद. आजींची बोटं दोन्ही बाजूंना घासली असती. काम चालू असतानाच ते दार तीन फुटी करून घेतलं. व्हीलचेअरला निदान 32 इंच मोकळी वाट आणि वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं, हेही तेव्हाच बोलून घेतलं. आजींनी स्वतः तो विषय काढला, म्हणून बोलणं जमलं.

'फुकट जाणाऱ्या' पॅसेजमध्ये फूटभर खोल कपाटं करावीत, असं नवऱ्याच्या मनात होतं. पॅसेज साडेतीन फुटांचा. कपाट गेल्यावर अडीच उरतात, त्यात आजींचा वॉकर आणि समोरून येणारी नात. त्याने स्वतःच ती कल्पना खोडली.

काही गोष्टी सुटल्या नाहीत. मोठ्या मेजवान्या त्या हॉलमध्ये दाटीनेच होतील. मुलीला हवी होती ती बाल्कनी पहिल्या प्लॅनमध्येच होती. सगळ्यांचं सगळं ज्यात बसेल असा प्लॅन मी अजून पाहिलेला नाही, आणि कुठल्या गोष्टी आपण सोडतोय हे उघड बोललेलं बरं असतं, नाहीतर ते सोडलेलं पुढे टोमण्यांतून बाहेर येतं.

तुमच्यापुढे एकच प्लॅन असेल, दुसरा परवडतच नसेल, तरीही रेघा काढून पाहा. कोण कुठल्या खोलीत, हे बदलणं तुमच्या हातात असतं. 'मास्टर बेडरूम' हे नाव नकाशावर छापलेलं असतं एवढंच. ती नवरा-बायकोचीच असली पाहिजे असं काही नाही. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्याची खोली आणि पहाटे उठणाऱ्याची खोली एका भिंतीला लागून नको, इतकं जमलं तरी बराच फरक पडतो.

आणि मूळ प्रश्नाबद्दल, आमच्यातच बिघडलंय का? प्लॅनवर मतभेद असणं हे तसं लक्षण नाही. मी काळजीने बघते ते दुसरं काही. पेन्सिल हातात दिल्यावर एखादं माणूस इतरांकडे बघून, घाबरत रेघ काढत असेल. 'तुला यातलं काय कळतं' असं कोणी म्हणत असेल. झोपेची किंवा आजारपणाची अडचण सांगितल्यावरही समोरचा ती ऐकून न ऐकल्यासारखी करत असेल. किंवा प्लॅन ठरल्यावर तेच भांडण तसंच्या तसं फरशीवर आणि मग पडद्यांवर जात असेल. असं असेल तर बुकिंगची तारीख पुढे ढकला आणि आधी दोघं येऊन भेटा. चांगला समुपदेशक प्लॅनबद्दल मत देणार नाही, तो प्रत्येकाला आपली रेघ पूर्ण काढू देईल.