'मी कोण लागून गेले त्यांच्याबद्दल बोलणारी?'

गेल्या दोनेक वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी ऑनलाइन येणाऱ्या मुलामुलींमध्ये एक ठरावीक गट वाढलाय. सगळे मास्टर्स करणारे, कुणी लंडनला, कुणी अमेरिकेत, कुणी इथे घरी बसून स्वीडनचा ऑनलाइन कोर्स करतंय. कोर्सचं नाव लांबलचक, कम्युनिकेशन फॉर डेव्हलपमेंट अँड सोशल चेंज किंवा तसंच काहीतरी. घरच्यांना तर हे नेमकं काय ते अजून समजावून सांगता आलेलं नसतं. एकीच्या आजीने शेजारणीला "पत्रकारितेसारखंच असतं, पण गरिबांसाठी" असं सांगितलं होतं आणि खरं सांगू का, याहून सुटसुटीत व्याख्या मला अजून कुणी दिलेली नाही.

ही मुलं हुशार असतात, मनापासून काम करणारी असतात आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या आसपास अडकतात. थीसिस लिहून होत नाही, फील्डवर्कच्या फाईली उघडायची भीती वाटते. आणि तक्रार जवळजवळ एकाच शब्दात, "मॅडम, मी कोण लागून गेले त्यांच्याबद्दल बोलणारी?"

म्हणून हे लिहितेय. नाव, गाव बदललंय आणि दोनतीन जणींच्या गोष्टी एकात मिसळल्यात. तिला आपण सायली म्हणू.

सायली सांगली जिल्ह्यातली, अमेरिकेत शिकणारी. विषय तिने स्वतः निवडलेला, ऊसतोड बायकांपर्यंत गरोदरपणातल्या आरोग्याची माहिती कशी पोचते किंवा पोचत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत ती घरी आली, गाळप हंगाम ऐन भरात होता, बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, गावाबाहेर पडलेल्याच होत्या. रात्री स्वयंपाक उरकल्यावर बायकांशी बोलून तिने मुलाखती रेकॉर्ड केल्या, संमतीचा फॉर्म वाचून दाखवत, युनिव्हर्सिटीची एथिक्सची परवानगी वगैरे सगळं रीतसर. मग परत गेली आणि मार्च संपत आला तरी एक पान लिहिलं नव्हतं.

पहिल्या कॉलला ती जवळपास तासभर बोलली. तिच्याकडून मला या विषयाचा सगळा इतिहास कळला, फी न भरता! पहिल्या सेमिस्टरला यांना जुनी माणसं शिकवतात, डॅनियल लर्नरचं १९५८ चं पुस्तक, मग एव्हरेट रॉजर्सचं १९६२ चं नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात त्यावरचं, विल्बर श्रॅमचं १९६४ चं. सार असं की रेडिओ, टीव्ही, वर्तमानपत्रं पोचली की माणसं जुन्या चालीरीती सोडतील आणि देश पुढे जातील. दुसऱ्या सेमिस्टरला हे सगळं कसं चुकीचं होतं ते शिकवतात. पावलो फ्रेरे हा ब्राझीलचा शिक्षणतज्ज्ञ येतो, लोकांना रिकामी भांडी समजून ज्ञान ओतू नका म्हणतो. मग आणखी कडक टीकाकार येतात, त्यांचं म्हणणं असं की 'विकास' ही कल्पनाच वरच्यांनी खालच्यांवर लादलेली आहे. मुलं वीसबावीस वर्षांची, संवेदनशील, ती हे सगळं खरं मानतात आणि स्वतःला लावून घेतात. प्राध्यापक टीका शिकवून पुढच्या वर्गावर जातात आणि मुलगी त्या टीकेखाली दबून बसते.

सायलीच्या बाबतीत आणखी एक गाठ होती, ती बऱ्याच उशिरा बाहेर आली. तिचे वडील साखर कारखान्यात चिटबॉय होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कारखान्याच्या शेतकी खात्यातला हा माणूस कुठला फड कधी तुटणार, गाडी कुठे लागणार ते बघतो. पगार बेताचा पण टोळीच्या दृष्टीने तो साहेब. लहानपणी सायली त्यांच्या गाडीवर मागे बसून फडात जायची, त्या बायकांची मुलं बांधावर बसलेली असायची.

"माझं शिक्षण त्या उसावर झालं मॅडम. आणि आता मी त्यांच्याच दुःखावर डिग्री घेणार."

मी विचारलं, "मग काय करायचं? डिग्री सोडायची?"

"सोडली तरी ती माहिती मी घेतलीच ना."

"म्हणजे लिहिलंस तरी गुन्हा आणि नाही लिहिलंस तरी गुन्हा."

"हो."

"अगं, मग या कोर्टात सुटका होतच नाही की कुणाची."

ती जरा हसली पण पटलं नव्हतं.

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली आहे, विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर आपल्याकडे मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे इथे थिअरी सांगत बसत नाही. माझं लक्ष भावनेआड दडलेल्या हट्टाकडे जातं एवढंच. सायलीचा हट्ट होता की बोलण्याआधी मी पूर्ण निर्दोष असायलाच हवं. घराणं निर्दोष, हेतू निर्दोष, भाषा निर्दोष, फंडिंगसुद्धा निर्दोष. हा हट्ट ओळखायला अवघड जातो कारण तो नीतिमत्तेचे कपडे घालून येतो. आळशीपणा असता तर तिनेच स्वतःला दोन रट्टे दिले असते, पण नीतिमत्तेला कोण रट्टे देणार.

पुढचे काही कॉल आम्ही याच्याभोवतीच फिरत राहिलो. तिचे युक्तिवाद माझ्यापेक्षा भारी होते, मास्टर्सची मुलगी ती. म्हणून एकदा मी म्हटलं, वाद पुरे, मला एक मुलाखत ऐकव. जिची परवानगी आहे ती, नाव न सांगता. ती टाळत होती, शेवटी लावली.

मागे कुत्री भुंकतायत, चुलीवर काहीतरी खरवडल्याचा आवाज. सायलीचा प्रश्न अगदी पुस्तकी, गोळ्यांबद्दलची माहिती तुम्हाला कुठल्या माध्यमातून मिळते. आणि ती बाई, तिशीची पण नसेल आवाजावरून, म्हणते, "गोळ्या खा, गोळ्या खा सगळेच सांगतेत. खाल्ल्यावर मळमळतं, अन् मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायचं असतं. ते कुनी इचारतंय का? ते लिही."

तिने थांबवलं. मी म्हटलं परत लाव. परत ऐकलं.

"सायली, ही बाई काय म्हणाली?"

"लोहाच्या गोळ्यांचे साइड इफेक्ट्स आणि कामाचं स्वरूप यातला..."

"तसं नको. काय म्हणाली?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "ते लिही म्हणाली."

"तुझ्या बाबांबद्दल काही बोलली?"

"नाही."

"ती त्यांना ओळखत असेल?"

"ओळखते की. त्यांच्याच ओळखीने मी गेले होते."

"मग तिला माहीत होतं तू कुणाची ते. आणि तरी ती तुला काम सांगतीये."

यावर सायली रडली. मी मधे बोलले नाही. या कामात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं की अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं ही सगळ्यात महागडी फी घेण्यालायक गोष्ट असते. मग तिने डोळे पुसले आणि जे बोलली ते मी वहीत लिहून ठेवलंय, "हे वाक्य मी 'इतर किरकोळ निरीक्षणं' अशा फोल्डरमध्ये टाकलं होतं मॅडम."

म्हणजे बघा. सरकारी पोस्टरवर गोळी घ्या असतं. गोळीने मळमळतं, रिकाम्या पोटी तर जास्तच, आणि पहाटे उठून उपाशी फडात जाणाऱ्या बाईने ती सकाळी घेतली तर फळीवर पाय लटपटणार, मग ती गोळ्या कोपीच्या कुडात खोचून ठेवणार आणि रिपोर्टात लिहिलं जाणार की 'जागरूकतेचा अभाव'. रात्री जेवून घेतली तर त्रास कमी होतो ही साधी गोष्ट कुणी तिच्या दिवसाच्या हिशोबाने सांगितलीच नाही. सायलीचा अख्खा विषय त्या एका वाक्यात होता आणि ती तो सोडून स्वतःचा खटला चालवत बसली होती.

मला त्या दिवशी जे उमगलं ते मी तेव्हापासून अशा प्रत्येक मुलाला सांगते. अपराधीपणा दिसायला फार नम्र दिसतो, पण त्यात सगळं लक्ष आपल्यावरच असतं. मी कशी, माझी जात कुठली, माझा पासपोर्ट कुठला, मी किती वाईट. ज्या बाईबद्दल एवढा कळवळा ती चित्रात कुठेच नाही. ही कठोर गोष्ट आहे हे मान्य, पण सायलीला ती ऐकून बरं वाटलं.

तिनेच मग मला एक उदाहरण दिलं. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला, मराठी मुलखातली दीडशे गावं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवडे. गावात गट बसायचा, ऐकायचा, त्यावर चर्चा करायचा आणि प्रश्न उलट केंद्राला पाठवायचा. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला. आता ते रेडिओवाले साहेब लोक काय धुतल्या तांदळासारखे होते का? शहरी, शिकलेले, बहुतेक वरच्या जातीतले असणार. सायली म्हणाली, "पण त्यांनी प्रश्न परत यायची वाट ठेवली होती ना." मी म्हटलं, झालं, तुझं मेथडॉलॉजीचं चॅप्टर लिहायला घे.

आता दुसरी बाजू, कारण ती न बोलता हा विषय अर्धवट राहील. बोलण्याच्या हक्काबद्दलची ही शंका येते तेव्हा सोबत बहुतेकदा नोकरीची भीती असते आणि मुलं दोन्हीची गल्लत करतात. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी गोठवली, मार्चमध्ये यूएसएडचे, म्हणजे ही मदत वाटणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचे, बहुतेक कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि जुलैत उरलंसुरलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. या मुलांच्या इंटर्नशिप्स याच पैशावर चालणाऱ्या संस्थांमध्ये असायच्या. सायलीची उन्हाळ्याची इंटर्नशिप दोन ओळींच्या मेलने गेली. वर व्हिसाचं घड्याळ. शिक्षण झाल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, अमेरिकेत साधारण एक वर्ष काम करता येतं, त्यात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही.

मी तिला तारखा विचारल्या. 'हे सगळं क्षेत्रच ढोंगी आहे' हे पहिल्यांदा केव्हा वाटलं? तिने डायरी बघितली, इंटर्नशिप गेल्याच्या पुढच्या आठवड्यात. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, फक्त इथे कोल्ह्याने त्यावर वीस संदर्भग्रंथ वाचलेले होते. हे ऐकून मात्र ती मनापासून हसली. टीका खोटी होती असं मी म्हणत नाहीये, खरीच होती, पण भीतीला टीकेचं नाव दिलं की भीतीवर काहीच उपाय करता येत नाही. भीतीवर उपाय असतात. रेझ्युमे बदलता येतो, 'सोशल अँड बिहेवियर चेंज' या नावाने जागा शोधता येतात, आरोग्य अभियानात आयईसीची (माहिती, शिक्षण, संवाद) पदं असतात, बचतगटांचं काम करणाऱ्या उमेदसारखी सरकारी मिशन्स आहेत, म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं कम्युनिटी रेडिओ केंद्र चालतं तशी केंद्रं आहेत. पगार डॉलरमध्ये नसतो हे खरं, कर्ज काढून गेलेल्यांसाठी ही छोटी गोष्ट नाही आणि मी ती छोटी करून सांगतही नाही. कर्जाचा हिशोब कागदावर, आईवडिलांसोबत बसून करा, एकट्याने रात्री दोन वाजता मनातल्या मनात करू नका.

असं अडकलेल्यांनी आणखी एक करून बघा. थीसिसमध्ये 'माझी भूमिका आणि मर्यादा' असा भाग असतोच, तिथे घराणं, जात, पैसा, ओळख सगळं प्रामाणिकपणे लिहा, दोन पानं, आणि तो भाग संपवा. सायलीचा तो भाग आधी थीसिसपेक्षा मोठा होत चालला होता. मग रोज एक मुलाखत फक्त ऐकायची, टिपण काढायचं नाही, समोरचा आपल्याला काय काम सांगतोय तेवढं एका ओळीत लिहायचं. काही मुलाखतींतून काहीच निघत नाही, एका बाईने तर सायलीला "तू लय प्रश्न इचारतीस" एवढंच सांगितलं होतं, तेही लिहायचं. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगावंसं वाटत नसेल तर मात्र हे उपाय बाजूला ठेवा आणि तडक डॉक्टरांकडे जा. भारतात असाल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आईबाबांना एकच विनंती, "याला स्कोप काय" हे दर फोनला विचारू नका. त्याऐवजी कुणाशी बोललीस, काय म्हणाले ते, असं विचारून बघा.

सायलीचा थीसिस उन्हाळ्यात जमा झाला, गाईडने तीनदा परत पाठवून. नोकरी सध्या सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आहे, पुढचं माहीत नाही. पुढच्या हंगामात ती घरी आली तेव्हा वडिलांनीच टोळीच्या मुकादमाला सांगून रात्रीची वेळ ठरवून दिली, आणि तिने गोळी केव्हा घ्यायची याचा एक मिनिटाचा ऑडिओ ऊसतोड बायकांच्याच आवाजात रेकॉर्ड केला. पहिली आवृत्ती बायकांनी नापास केली, फार हळू बोललाय म्हणाल्या. दुसरीवर काम चालू आहे.