नोकरी सांभाळून गिटार शिकताना उद्दिष्ट कसे ठरवावे आणि सरावाची वेळ कशी वाटावी?

सांगलीत नोकरी सांभाळून रोज जेमतेम पाऊण तास मिळतो आणि त्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), स्ट्रमिंग (तारांवर हात फिरवून धरलेली लय), स्केल (क्रमाने वाजवायची स्वरमाला) व गाणी असे सगळेच थोडेथोडे केल्यामुळे कशातच प्रगती दिसत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते वेळेच्या समान वाटण्या करण्यातच खरी गफलत आहे. आधी महिन्याभराचे एकच उद्दिष्ट ठरवावे आणि त्याच्या आड जे येत असेल त्याला सर्वाधिक वेळ द्यावा.

‘गिटार चांगली वाजवता यावी’ ही इच्छा झाली. ती पुरी झाली की नाही हे कधीच ठरवता येत नाही. त्याऐवजी ‘सी, ए मायनर, एफ आणि जी या कॉर्डवरचे एक गाणे मेट्रोनोमवर (ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला ७० ठोक्यांच्या गतीने, मध्ये न थांबता वाजवायचे’ असे वहीत लिहून ठेवा. गाणे शक्यतो आठ मात्रांच्या केरवा तालातले निवडा, कारण सुरुवातीला शिकवले जाणारे स्ट्रमिंग बहुधा चार ठोक्यांचे असते आणि दादऱ्याच्या सहा मात्रांत ते बसत नाही.

मग अडचण नेमकी कुठे आहे ते लवकरच कळते. सीवरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधले बोट हलवावेच लागत नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्यांनी पाडलेले घर) तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते, तरीही पुष्कळ नवशिके तिन्ही बोटे उचलून पुन्हा बसवतात. ही सवय लक्ष दिले की सुटते. एफचे तसे नाही. तिथे तर्जनी आडवी ठेवून पहिल्या फ्रेटवर सहाही तारा दाबाव्या लागतात आणि नटच्या (दांडीच्या टोकाला तारा अडकवणाऱ्या खाचांच्या पट्टीच्या) इतक्या जवळ त्या फार कडक लागतात. म्हणून तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर बसवावा (तिथे तो ए मेजर होतो) आणि स्वर स्वच्छ येऊ लागल्यावर एकेक फ्रेट मागे सरकत पहिल्यावर यावे.

तेव्हा पाऊण तासातली वीस मिनिटे एफला आणि त्याच्या आगेमागच्या बदलांना द्या, तीही दोन तुकड्यांत, कारण हात थकल्यावर केलेल्या सरावात चुकाच अंगवळणी पडतात. बोटांच्या टोकांचे दुखणे घट्टे पडले की थांबते. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर मात्र गिटार खाली ठेवावी. पाच मिनिटे ट्यूनिंगला लागतील, आणि तंबोऱ्यांच्या मिरजेशेजारी राहणाऱ्याला ती वाया गेली असे वाटू नये. उरलेला वेळ गाण्याचा. स्केल या महिन्यात बाजूला ठेवली तरी काही बिघडत नाही. रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई करण्याचा बेत मात्र सोडून द्या. कामाच्या दिवशी पंधराच मिनिटे मिळाली तर ती सगळी एफला द्यावीत.

दर आठवड्याला मोबाइलवर गाणे ध्वनिमुद्रित करा. महिनाअखेरीस त्याच जागी अडखळत असाल, तर नवे गाणे न घेता गती ६० वर आणून तेच उद्दिष्ट आणखी पंधरा दिवस चालू ठेवा.