आधी बुबुळाची जाडी बघ, मग लेसरचं बोलू

तुझा मेसेज वाचला. चष्मा एकदाचा सुटावा असं का वाटतं ते मला सांगायला नको, मायनस साडेपाच घेऊन मी बारा वर्षं काढलीत, उशीजवळचा चष्मा खाली पडला की तो शोधायलाच चष्मा लागायचा. तेव्हा करू नकोस असं काही मी म्हणणार नाही. फक्त चष्मा घालवायच्या लेसरच्या दोन पद्धतींपैकी लॅसिक चांगलं की स्माइल हे जे तू विचारलंयस ना, तो नंतरचा प्रश्न आहे.

मायनस नंबर बहुतेक वेळा येतो तो डोळा जरा लांबट असल्यामुळे, प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच पडते. लेसर काही डोळ्याची लांबी कमी करत नाही, तो पुढचा पारदर्शक कॉर्निया, म्हणजे आपण बुबुळ म्हणतो ते, मधोमध थोडा सपाट करतो, बास. आणि हा कॉर्निया असतो केवढा, तर जेमतेम अर्धा मिलिमीटर, 540 मायक्रॉनच्या आसपास. एका नंबरामागे त्यातले साधारण 12 ते 15 मायक्रॉन जातात, शिवाय लॅसिकमध्ये वरचा पापुद्रा उचलतात त्याचे शंभर-एकशेदहा वेगळे. आता समजा कॉर्निया 480 चा आणि नंबर आठ, तर खाली उरतात साधारण 250 ते 285. डॉक्टर 250 च्या खाली जात नाहीत, बरेच जण 300 धरूनच चालतात, कारण फार पातळ झालेला कॉर्निया पुढे फुगायला लागला तर मग चष्म्यानेही धड दिसत नाही. म्हणून तपासणीत डॉक्टर नाही म्हणाले तर तोंड पाडून दुसरीकडे हो म्हणणारा शोधत फिरू नकोस. बुबुळ पातळ न करता डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा पर्याय असतो, त्याबद्दल विचार.

आणि कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीच्या आधीच बंद कर, सॉफ्ट असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर त्याहून जास्त. मी शहाणपणा करून आदल्या रात्रीपर्यंत घातल्या होत्या, कॉर्नियाचा नकाशा असा वेडावाकडा आला की परत घरी. नंबरही निदान वर्षभर तरी स्थिर हवा.

प्रत्यक्ष ऑपरेशन म्हणशील तर भीती वाटते तेवढं काहीच नसतं, ड्रॉप्सने डोळा बधिर, मग डोळ्यावर दाब येतो, काही सेकंद सगळं अंधारतं आणि जळल्यासारखा वास येतो. जळत मात्र काही नसतं. हा एक्सायमर लेसर आजूबाजूला न भाजता कापतो, हे 1981 मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर करून बघितलं होतं, खरंच!

त्रास होतो तो नंतर. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात म्हणून डोळे कोरडे पडतात, काही महिने ड्रॉप्स खिशात ठेवावे लागतात. रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडं दिसायचं, माझं ते सहा महिन्यांनी कमी झालं, काहींचं राहतंही. डोळे चोळायची सवय असेल तर आत्ताच मोड, लॅसिकचा पापुद्रा सरकू शकतो. पीआरके म्हणून लेसरची आणखी एक पद्धत आहे, तिच्यात पापुद्र्याची भानगड नाही पण पहिले तीन-चार दिवस डोळे चांगलेच ठणकतात, दिसायलाही वेळ लागतो.

अजून एक, चष्मा गेला तरी डोळा आतून मायनसचाच राहतो, लांबट, पडदा ताणलेला. अचानक काळे ठिपके, विजेसारखे चमकारे दिसले तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. आणि चाळिशी काही चुकत नाही हं, मी हे पत्र वाचायचा चष्मा लावूनच टाइप करतोय.

तपासणीचे सगळे कागद मागून घे आणि जपून ठेव, पुढे कधी मोतीबिंदू झाला तर लेन्सचा नंबर काढताना ते लागतात. नकाशाचा फोटो मलाही पाठव, आधी जाडीचा आकडा बघू.