ठाण्यात फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाचं (आरपीजी) ३४ पानांचं विचित्र-फँटसी साहस स्वतः छापायचंय, पानं कशी लावू?

ए-फाइव्ह (ए-फोरच्या निम्मा आकार), मध्ये घडीवर दोन पिना. पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून ३६ करा. उरलेल्या दोनांत अफवांचा तक्ता (फासा टाकून खेळाडूंना कोणती अफवा कळते ते ठरवायची यादी) टाका, २० बाजूंच्या फाशाला २० ओळी. नकाशा १८-१९ वरच. तिथेच कागद अखंड असतो, इतरत्र जोडपानावर भुयार मधोमध तुटतं. आत १०० जीएसएमचा कागद (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरला ग्रॅम, जास्त तितका जाड), कव्हर २५०; कव्हरला आधी क्रीज (घडीच्या जागी दाबून पाडलेली रेघ) मारून घ्या, नाहीतर घडीवर शाई तडकते (गडद चित्रात फारच दिसतं). कडेपर्यंत रंग असेल तर चारी बाजूंना रंग ३ मिमी जादा, तो कापताना जातो.

नौपाड्यात छापा की घोडबंदरला, फॉन्ट एम्बेड केलेली (फाइलमध्येच सामावलेला) पीडीएफच द्या. उघडी (बदलता येणारी) फाइल दिलीत आणि दुकानात तो फॉन्ट नसला तर दुकानाच्या संगणकावर ‘पिशाच्च’चा पाय मोडून ‘पिशाच्‌च’ होतो. ५० प्रतींआधी एक काढून बघाच.