बाकीच्या अकरा जणांची नावं सांग

‘ताई, मी कराडची, बी.कॉम. झालेली. गेल्या महिन्यात पुण्याला कपड्यांच्या एका मोठ्या शोरूमच्या ग्रुप इंटरव्ह्यूला गेले होते. बारा जणांना अर्धगोलात बसवलं, माझा नववा नंबर. मी पाठ केलेला इंट्रो मनात घोकत होते, त्यामुळे आधीचे लोक काय बोलले ते काही कळलंच नाही. आणि माझ्या शेजारच्या मुलीनं नेमका माझाच टीमवर्कचा मुद्दा आधी बोलून टाकला! मी ब्लँक झाले. नंतर ग्रुप टास्कमध्येही तीच, इंग्लिश मीडियमची, कुणाला बोलू देईना. सिलेक्शन तिचंच झालं. आता दहा दिवसांनी दुसऱ्या शोरूमचा तसाच इंटरव्ह्यू आहे. आत्तापासून हातपाय गार पडतायत. इंग्लिशमध्ये चांगला इंट्रो कसा तयार करू? आणि अशी मुलगी परत भेटली तर काय करू?’
– एक वाचक, कराड

अगं, ‘आधीचे लोक काय बोलले ते काही कळलंच नाही’ हे वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीस. मी मात्र तिथेच अडले. आठ जण तुझ्याआधी बोलले, म्हणजे निदान सात-आठ मिनिटं झाली. एवढ्या वेळात तुझ्या कानात एकच गोष्ट शिरली, आणि तीही तुझ्याच कागदावर लिहिलेली होती म्हणून. कोण कुठून आलंय, कुणी आधी कुठे काम केलंय, कुणाचा आवाज तुझ्यासारखाच कापत होता, यातलं काहीच तुला माहीत नाही. आणि राग कुणावर, तर त्या मुलीवर. तिनं तुझं काही पळवलेलं नाही. टीमवर्क हा मुद्दा अशा अर्धगोलात जवळपास प्रत्येकाच्या कागदावर असतो.

तिच्याबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही, कारण तुझी अडचण ती नाही. तुझी अडचण इंग्लिशही नाही. तू त्या खोलीत हजर नव्हतीस.

हे तुझ्या एकटीचं होतं असं नाही. १९७३ साली माल्कम ब्रेनर या संशोधकानं यावर प्रयोग केला होता. माणसांना गोलात बसवायचं, पाळीपाळीनं प्रत्येकानं हातातल्या कार्डावरचा शब्द मोठ्यानं वाचायचा आणि शेवटी जेवढे आठवतील तेवढे शब्द सांगायचे. स्वतःची पाळी येण्याच्या आधीच्या साधारण नऊ सेकंदांत इतरांनी वाचलेले शब्द लोकांना सगळ्यांत कमी आठवले. शब्द कानावर पडत होते, पण लक्ष स्वतःच्या पाळीवर होतं, त्यामुळे ते डोक्यात उतरलेच नाहीत. तुझे नऊ सेकंद मात्र ताणले जाऊन सगळी आठ मिनिटं झाली. त्याचं कारण तुझ्या डोक्यात असलेला तो पाठ केलेला इंट्रो.

म्हणून एकच सांगते. तो इंट्रो आज फाडून टाक. नवा लिहू नकोस, इंग्लिशमध्ये तर मुळीच नाही. या दहा दिवसांत फक्त ऐकायची तयारी कर.

ग्रुप इंटरव्ह्यूत कोपऱ्यात किंवा समोर दोन-तीन जण कागद घेऊन बसलेले असतात. बोलणारा एका वेळी एकच असतो, त्यामुळे उरलेले अकरा जण काय करतायत हे बघायला त्यांना भरपूर वेळ मिळतो. दुसरा बोलताना कोण छताकडे बघतं, कोण ओठ हलवत पाठांतर करतं, कोण बोलणाऱ्याकडे बघून मान हलवतं, याच्या नोंदी तिथे होतात. आणि ते बरोबरच आहे. शोरूममध्ये गिऱ्हाईक ‘भाचीसाठी काहीतरी दाखवा, पण तिला फार चमकीचं आवडत नाही’ म्हणतं. ज्याला फक्त ‘भाचीसाठी’ एवढंच ऐकू आलं तो चमकीचा ढीग पुढ्यात टाकतो आणि गिऱ्हाईक जातं. अशा माणसाला घ्यायचं की नाही हे त्यांना अर्ध्या तासात ठरवायचं असतं.

तर तयारी अशी कर. रात्री जेवणं झाली की घरातली चार माणसं गोलात बसव. भाऊ, चुलत बहिणी, शेजारच्या काकू, कुणीही चालेल. प्रत्येकानं एक खोटं नाव, एक गाव आणि स्वतःबद्दलची एक गोष्ट सांगायची. तुझा नंबर चौथा. तुझं झालं की पाचवा बोलेल, मग तू बाकी चौघांची तिन्ही माहिती परत सांगायची. पहिल्या रात्री तिसरा माणूस हमखास सुटेल, कारण तो तुझ्या अगदी आधीचा. तुझ्यानंतर लगेच बोलणाराही सुटेल, कारण तेव्हा ‘मी बरी बोलले का’ हा विचार चालू असतो. या दोघांवर जास्त लक्ष द्यायचं. रोज दहा मिनिटं पुरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी एखाद-दोन माणसं वाढव.

इंटरव्ह्यूच्या खोलीत छोटी डायरी आणि पेन ने. बसल्याबसल्या ‘नोट्स घेतल्या तर चालतील ना?’ असं विचार. हो म्हणाले तर पानावर अर्धगोल काढून बारा खुणा कर आणि जो बोलेल त्याच्या खुणेवर नाव आणि एक शब्द लिही: ‘पूजा, मोबाइल शॉप’, ‘आकाश, कॉल सेंटर’. नको म्हणाले तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून नाव एकदा मनात म्हण. हात असे कामात गुंतले की पाठांतर करायला डोक्यात जागाच उरत नाही.

तुझा नंबर आला की तीन वाक्यं बोल. पहिलं अगदी छोटं, नाव आणि गाव एवढंच, कारण आवाज सगळ्यांत जास्त कापतो तो पहिल्या वाक्याला. दुसरं, तू प्रत्यक्ष केलेलं एक काम. नोकरीच हवी असं नाही, कॉलेजच्या गॅदरिंगला हिशेब सांभाळला असेल तर किती जणांची वर्गणी होती ते आकड्यासकट सांग. तिसरं वाक्य आधीच्या कुणाला तरी धरून: ‘पूजा म्हणाली तसं एकत्र काम करणं महत्त्वाचं, आमच्याकडे पावत्या जुळेनात तेव्हा आम्ही तिघी बसून एकेक पावती तपासली.’ बघ, तुझा मुद्दा कुणी आधी मांडला तरी आता काही बिघडत नाही. तिनं शब्द म्हटला, तू उदाहरण दिलंस, आणि समोरच्यांना कळलं की तू ऐकत होतीस.

ग्रुप टास्कमध्ये तर ऐकण्याला पैशाची किंमत असते. नमुन्याला असं धर: सहा जण, एक टेबल, किंमतींचे टॅग लावलेले कपडे, पंधरा मिनिटं. कागदावर लिहिलंय, बारशाला जायचंय, आई आणि मोठा मुलगा, बजेट ५,००० रुपये, आईला दुपट्टा हवाच. पहिल्याच मिनिटाला चार हात कपड्यांवर पडतात. कुणीतरी आईसाठी कुर्ता १,२९९ चा, पलाझो ८९९ चा आणि दुपट्टा ५९९ चा काढतं, ते झाले २,७९७. मुलाला शर्ट १,१९९ आणि ट्राउझर १,४९९, म्हणजे २,६९८. दोन्ही मिळून ५,४९५. सगळ्यांना जोडी आवडलेली असते, बेरीज कुणी केलेली नसते. शेवटची दोन मिनिटं उरल्यावर ४९५ रुपये जास्त झाल्याचं लक्षात येतं आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणतं, ‘दुपट्टा काढा!’ हिशेब बसतो, पण गिऱ्हाइकानं मागितलेली एकच गोष्ट गेली.

तिथे तुझं काम काय? सुरुवातीला कागद हातात घेऊन एकदा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव. मग पेन घेऊन बेरीज तू ठेव. दुपट्ट्यावर हात पडला की म्हण, ‘दुपट्टा त्यांना हवाच आहे. ट्राउझर ९९९ ची घेतली तर ४,९९५ होतात.’ एवढंच. आवाज चढवायची गरज नाही आणि इंग्लिशचीही नाही. मधेच एकदा घड्याळ बघून ‘सहा मिनिटं राहिली, मांडणार कोण ते ठरवू या’ एवढं म्हण. शेवटी कोण बोलणार हेच ठरत नाही आणि दोघं एकदम सुरू होतात, असं बऱ्याच ग्रुपचं होतं.

कुणी एकजण सगळं बोलणं ओढून नेत असेल तर त्याच्यावर मात करायला जाऊ नकोस, तुमची दोघांची जुगलबंदी होईल आणि दोघंही कागदावर वाईट दिसाल. त्याचं वाक्य संपलं की गप्प बसलेल्याचं नाव घे: ‘आकाश, तू मघाशी रंगाबद्दल काहीतरी म्हणत होतास.’ नाव माहीत असल्याशिवाय हे जमत नाही, म्हणून ती डायरी.

नंतर बहुधा एखादा प्रसंग करून दाखवायला सांगतात. ‘मी गिऱ्हाईक, मला हा पेन विका’ किंवा ‘हा शर्ट विका’. इथे मुलं शाई किती छान, कापड किती मऊ याचं कीर्तन सुरू करतात. तू वस्तू हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचार: कुणासाठी, कशासाठी, सध्या काय वापरता. उत्तर येईपर्यंत थांब. मग त्याच उत्तरातला शब्द घेऊन वस्तू पुढे कर. बिल नसताना कपडा बदलून मागणारं चिडलेलं गिऱ्हाईक हा दुसरा आवडता प्रसंग. त्याला मधे तोडायचं नाही. खरेदीची तारीख विचार, पैसे कसे दिले ते विचार, कुठल्या मोबाइल नंबरवर बिल केलं होतं ते विचार, कारण बऱ्याच दुकानांत त्यावरून बिल सापडतं. ‘बदलून देते’ असा शब्द मात्र देऊ नकोस, तो अधिकार तुझा नसतो. ‘मी स्टोअर मॅनेजरना बोलावते, तोवर तुम्ही बसा’ असं म्हण.

हातपाय गार पडतात ते पडू देत. शरीर कामाला लागलं की रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं आणि बोटं गार पडतात, यात भिण्यासारखं काही नाही. रिकाम्या पोटी चहावर चहा घेऊ नकोस, धडधड आणि कंप दोन्ही वाढतात. पोहे-उपमा काहीतरी खाऊन नीघ. बाहेर थांबलेली असशील तेव्हा चार आकड्यांत श्वास घे आणि सहा-सात आकड्यांत सोड. श्वास सोडताना नाडी मंदावते, म्हणून सोडणं लांब हवं. पाच मिनिटं पुरे. आणि ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावू नकोस, तुला पटणार नाही. हार्वर्डच्या संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषणाआधी ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हणणाऱ्यांची भाषणं ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली.

भाषेचं म्हणशील तर सुरुवातीलाच ‘मराठीत किंवा हिंदीत बोलले तर चालेल का?’ असं सरळ विचार. पुण्यातल्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायला दिवसभर याच दोन भाषा लागतात. इंग्लिशच हवं म्हणाले तर तीच तीन साधी वाक्यं इंग्लिशमध्ये सांग.

त्या दिवशी पहाटेची एसटी धरून धावतपळत येऊ नकोस. एखाद्या घाटात गाडी रखडली तर पहिला घाम तिथेच फुटेल. आदल्या दिवशी दुपारीच नीघ, नातेवाइकांकडे नाहीतर मैत्रिणीकडे राहा. संध्याकाळी सहा ते आठच्या गर्दीत त्याच कंपनीच्या एखाद्या दुकानात अर्धा तास उभी राहा. दारातल्या पहिल्या टेबलावर काय मांडलंय, ट्रायल रूमपाशी किती कपडे आत नेऊ देतात, बिलिंगच्या रांगेत हाताशी काय ठेवलंय ते बघ. ‘आमच्या दुकानात काय बघितलंत?’ असा प्रश्न आला तर सांगायला तुझ्याजवळ डोळ्यांनी पाहिलेलं असेल. इंटरव्ह्यूला वीस मिनिटं आधी पोच आणि बाहेर बसलेल्या दोन-तीन जणांशी ओळख करून घे, तेवढी नावं आधीच झाली.

एक गोष्ट मात्र कराडला असतानाच उरक. शिफ्टबद्दल विचारणार म्हणजे विचारणारच, कारण मॉल रात्री दहाच्या सुमाराला बंद होतात आणि शनिवार-रविवार, दिवाळी हेच त्यांचे कामाचे दिवस. तिथे ‘घरी विचारून सांगते’ म्हणालीस की पुढचं कुणी फारसं मनावर घेत नाही. आई-बाबांशी आत्ताच बोल. ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या मोठ्या दुकानांना लागू होणाऱ्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं आठवड्यातून सलग २४ तासांची सुटी मिळते, आणि रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तुझी संमती लागते. तेव्हा सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकानं करायची असते. हे आई-बाबांना समजावून सांग, पुण्यात राहणार कुठे तेही ठरव आणि रविवारी काम जमणार का, क्लोजिंग शिफ्ट, म्हणजे दुकान बंद होईपर्यंतची पाळी, आठवड्यातून किती दिवस जमणार, याचं पक्कं उत्तर घेऊनच गाडीत बस.