सेन्सरचा पहिला कपडा शिवताना

आपण थेट हृदयाचे ठोके टिपणारा शर्ट करायला घेत आहात. उत्साह चांगलाच आहे, परंतु सुरुवात कोपराचे वाकणे नोंदवणाऱ्या एका बाहीपासून करावी. ताणली की जिचा विद्युतरोध बदलतो अशी विणलेली पट्टी आणि लिया ब्यूकली यांनी घडवलेला, २००७ मध्ये बाजारात आलेला लिलीपॅड हा कापडावर शिवता येणारा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, शिवाय दोन्ही जोडणारा वीजवाहक दोरा आणि बॅटरी एवढे साहित्य त्यासाठी पुरते.

नवख्यांची गल्लत कोडपेक्षा शिवणीतच अधिक होते. चांदीचा मुलामा दिलेला हा वीजवाहक दोरा म्हणजे उघडी तारच असल्यामुळे, गाठीची सुटी राहिलेली शेपटी शेजारच्या टाक्याला टेकली, की हात हलवताच बोर्ड बंद पडतो आणि दोष मात्र प्रोग्रॅममध्ये शोधला जातो. म्हणून:

- शेपटी आखूड कापून गाठीवर नेलपॉलिशचा थेंब सोडावा.
- ताणल्या जाणाऱ्या कापडावर नागमोडी टाका घालावा. सरळ टाका तुटतो.
- बॅटरी जोडण्यापूर्वी प्रत्येक जोडणी मल्टिमीटरने (वीज वाहते की नाही हे दाखवणाऱ्या उपकरणाने) तपासावी.
- धुण्याआधी बॅटरी काढता यावी.

सैल कपड्यात सेन्सर सरकतो आणि आलेखात निव्वळ गोंधळ उमटतो. तो सॉफ्टवेअरने गाळत बसण्यापेक्षा बाही अंगाबरोबर बसवणे कितीतरी सोपे. ब्लूटूथ आणि घरातील दिव्यांशी जोडणी तूर्त बाजूलाच ठेवावी.